आधी घर, मग गोदाम

भुकेची लाज वाटणारी माणसं उपाशी मरतात आणि जगाला भूक लाज न वाटता सांगणारी तरून जातात, हे मी फार लहानपणी शिकले. कोणा पंतोजीनं शिकवलं नाही. आमच्या गावच्या चावडीत, आमच्याच वडिलांच्या, अप्पांच्या तोंडून शिकले.

गाव गोदावरीच्या काठावर, सोनपेठच्या बाजाराला बैलगाडीनं जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. जमीन काळी, पाऊस नीट झाला तर जवारी माणसाच्या डोक्यावरून जायची. राज्य निजामाचं, आणि त्या दिवसांत कुठंतरी मोठी लढाई चालली होती. आम्ही कधी लढाईवरचा शिपाई पाहिला नाही की तोफ ऐकली नाही. आमच्यापर्यंत लढाई आली ती लेव्ही होऊन. महसुलाचा गिरदावर घोड्यावरून यायचा, बांधावरूनच पिकाकडं नजर टाकायचा आणि ह्या शेतातून एवढा गल्ला सरकारच्या गोदामात घालायचा, असा हुकूम देऊन पुढं जायचा. हिशेब जमिनीचा व्हायचा. त्या जमिनीवर खाणारी तोंडं किती, हे विचारायची रीतच नव्हती. ज्यांची शिवारंच्या शिवारं होती त्यांची जवारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, आधीच उतरलेली असायची. वर गिरदावराला कोंबडीचा रस्सा मिळायचा. त्यांचं पीक त्याला दरसाल बुडालेलं दिसायचं. आमचं शेत वाटेलगत, त्यामुळं आमचं पीक कायम उत्तम! सरकार फुकट नेत नव्हतं, भाव देत होतं. पण त्या भावात तेवढीच जवारी सोनपेठच्या बाजारात परत मिळत नसे. म्हणजे पिकवणारानं घालायची आणि पिकवणारानंच उपाशी राहायचं.

अप्पा अंगानं काडी, पण हट्टाला पहाड. आम्ही लिंगायत, अप्पांची लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कोणी घास घेत नसे. त्या वर्षांत पूजा लांबत गेली आणि जेवण आखूड होत गेलं. पूजेला बसल्या बसल्याच त्यांना ती कल्पना सुचली असावी. एका औताच्या, एका बैलजोडीला पुरेल एवढ्या जमिनीच्या, आतला जो शेतकरी असेल, त्याच्या घरचं वर्षाचं खाणं आधी बाजूला काढायचं, आणि उरेल त्यावर लेव्ही घ्यायची, असा कायदा सरकारनं करावा. आधी घर, मग गोदाम. एवढंच. हे चार शब्द घेऊन ते खळी झाल्यावर गावोगाव फिरायला लागले.

माय चिडायची. "लष्कराच्या भाकरी भाजायलाव तुमी," म्हणायची. "हिकडं चुलीवर काय हाय ते बघा की."

"जवारी समदी लष्करालाच चाललीय," अप्पा म्हणायचे, "मग भाकरी बी तितंच भाजाव्या लागतेल."

बाजाराच्या दिवशी लिंबाखाली बसून ते लोकांना समजावत. बहुतेकांचं म्हणणं असायचं की परभणीच्या साहेबाचे पाय धरू, यंदाच्या सालापुरती सूट मागू. अप्पा त्यावर एकदम उसळायचे. "सूट मागू नका. दया आज येती, उद्या जाती. कायदा बसला की गिरदावराच्या बापाला बी हलत न्हाई." मला हे बोलणं फार आवडायचं. अजून आवडतं, म्हणून तर त्यांचा राग जास्त येतो.

शेजारगावच्या मशिदीतल्या मुल्लानं उर्दूत दरखास्त लिहून दिली आणि हातावर काही घेतलं नाही. त्याच्याही घरी चूल आमच्यासारखीच पेटत होती. शाई संपली तेव्हा तव्याची काजळी तेलात खलून लोकांनी अंगठे उठवले. अंगठा द्यायला कोणी मागंपुढं पाहिलं नाही. दरखास्तीत गावाचं नाव होतं, 'आम्ही गरीब रयत' असं होतं, माणसाचं एकट्याचं काही नव्हतं. गावाच्या नावानं उपाशी असायला कोणाचीच हरकत नव्हती.

ह्या फिरण्यात अप्पांना नदीपलीकडच्या गावचा एक गडी भेटला. आमच्यासारखाच एका औताचा, आमच्यासारखाच लिंगायत, बोलायला तिखट. दोघं मिळून परभणीच्या कचेरीच्या दारात जाऊन बसायचे. शिपायानं हाकललं की बाजूच्या झाडाखाली आणि शिपाई जेवायला गेला की पुन्हा दारात. त्या बसण्यातच त्यांनी आमच्या अक्काचं लग्न त्याच्या मुलाशी जुळवून टाकलं. नारळ अजून द्यायचा होता. पण बोलणं झालं होतं.

अक्का माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. लय हसरी. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कण्या शिजायच्या. म्हणजे मूठभर भरडलेली जवारी आणि घागरभर पाणी. सोबत तरोट्याचा वाळवून ठेवलेला पाला, नाहीतर चिंचोके भाजून, कुटून. अक्का आपल्या ताटलीतलं माझ्या ताटलीत ढकलायची आणि म्हणायची, "खा, मला आता सासरी भरपूर मिळणार हाय." माय ऐकायची आणि चुलीत फुंकर घालत राहायची.

आणि एके दिवशी खबर आली की परभणीहून साहेब चौकशीला येणार. आमच्या चावडीत तीन गावांची रयत बोलवायची. लहान शेतकऱ्याच्या घरी खरंच उपासमार आहे असं साहेबांना दिसलं, तर कायद्याची शिफारस वर जाणार. आमच्या घरची पुढच्या सालची जवारी घरात राहणार की गोदामात जाणार, हे त्या एका दिवसावर होतं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी पलीकडच्या गावची माणसं आली. ज्याचे ज्याचे सोयरे त्यानं त्यानं आपल्या घरी नेले. होणारे व्याही अर्थात आमच्याकडं. मायनं पेरणीसाठी राखेत घालून ठेवलेलं बियाणं काढलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. पाहुण्याला भाकरी मिळाली.

पहाटे तिनं आम्हा दोघींना हलवून उठवलं. "जातं वडा."

"कशाचं वडायचं?" मी विचारलं.

"वडा म्हणते ना. इवाई वसरीवर निजलेत. ज्या घरात पोरगी लग्नाची हाय आन् पहाटं जातं गप हाय, त्या घरात काय हाय न् काय न्हाई हे सांगावं लागतंय का?"

आमच्याकडं पहाटेच्या जात्यावरून घर ओळखतात. जातं फिरलं तर घर नांदतंय. आम्ही जात्यात चिंचोके टाकले आणि ओढायला लागलो. दाणे असले की जातं घुमतं. पोटात मूठभर चिंचोकेच असले की दगडावर दगड करकरतो. ती करकर झाकायला अक्का मोठमोठ्यानं ओव्या म्हणायला लागली. तिचा गळा गोड होता. थोड्या वेळानं शेजारचं जातं सुरू झालं, मग त्याच्या पलीकडचं, मग वरच्या आळीतलं. त्या पहाटे गावातलं एकही जातं गप्प नव्हतं, कारण गावातलं एकही घर पाहुण्यावाचून नव्हतं. सगळ्या बाया एकमेकींच्या जात्यांची करकर ओळखत होत्या. एकीनंही दुसरीला विचारलं नाही.

साहेबांचा डेरा गावालगतच आमराईत पडला होता. सकाळी ते चावडीत येऊन बसले. मोठा राक्षस असेल असं मला वाटत होतं. पण माणूस शांत होता, चष्म्यातून नीट बघणारा. शेजारी त्यांचा पेशकार, उर्दूचं मराठी आणि मराठीचं उर्दू करायला. तीन गावचे बाप्ये खाली बसले होते. बायांना चावडी वर्ज्य. आम्ही शेजारच्या महादेवाच्या ओट्यावर बसलो होतो. तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, गावाची गोष्ट दरखास्तीत वाचली. आता एकेकानं आपल्या घराची सांगायची. आणि दरखास्त ज्याची, तो पहिला.

अप्पा उठले. साहेबांनी स्वतःच विचारलं, "घर में खाने को है के नहीं? बोलो, मैं लिखता हूँ."

अप्पांनी तोंड उघडलं. समोर, हाताच्या अंतरावर, व्याही बसले होते. अप्पांची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"आमच्या घरी म्हादेवाच्या दयेनं काई कमी न्हाई," अप्पा म्हणाले. "मी गावासाठी बोलायलोय."

माझ्या शेजारी माय ओट्याच्या कडेला सरकली. "बोला की," ती पुटपुटली. "आवं, बोला की." ओट्यावरून चावडीत तिचा आवाज जाण्यासारखा नव्हता, आणि गेला असता तरी उपयोग नव्हता.

मग व्याही उठले. समोर होणाऱ्या सुनेचा बाप! "आमच्याकडं बी तसं काई न्हाई. खाऊन-पिऊन हाव. पर लोकायचे हाल बघवत न्हाईत." मग तिसरा उठला. मग चौथा. ज्याच्या घरी पोरगी होती तो सोयऱ्याला बघून बोलला, ज्याच्या घरी पोरगा होता तोही सोयऱ्याला बघून बोलला, आणि ज्याच्या घरी लग्नाचं कोणीच नव्हतं तो भावकीला बघून बोलला. माझ्या घरी नाही, गावात आहे. गावात म्हणजे कोणाच्या घरी? ते कोणी सांगेना. साहेबांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. भ्यायचं कारण नाही, म्हणाले. लोक भ्याले नव्हतेच. गिरदावराला भिणारी माणसं त्या दिवशी साहेबालाही भ्याली नाहीत. ती एकमेकांना भ्याली.

शेवटी साहेबांनी लेखणी ठेवली. म्हणाले, "और सुबह तो मैंने हर घर से चक्की की आवाज सुनी."

झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत फक्त चिंचोके होते. सुखवस्तू गाव ठरलो आम्ही, त्या साली गिरदावरानं लेव्ही वाढवून लावली आणि वर अप्पांनाच म्हणाला, "तुम्हारे घर में तो कुछ कमी नहीं."

अक्काचं लग्न मात्र ठरल्याप्रमाणं झालं. इभ्रत वाचवली होती ना, मग लग्न कसं मोडेल! पेरणीच्या आधी, बिनगाजावाजाचं उरकलं. पेरायला बियाणं नव्हतं, ते उसनं आणलं.

पंचमीला ती माहेरी आली. गळ्यातली पोत हाडावर टेकलेली. मायनं तिच्यासाठी कुठून कुठून मागून पुरणाचं केलं होतं. अक्का खाली मान घालून जेवली, एकदाही हसली नाही. शेवटी मायनं विचारलं, "सासरी पोटाला देतेत का गं?" अक्कानं हात धुतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "देतेत की. काई कमी न्हाई." मायनं मागं वळून अप्पांकडं पाहिलं. अप्पा उठून गोठ्यात गेले.

भादव्यात निरोप आला की अक्का तापानं गेली. आमच्या भागात भुकेनं कोणी मरतच नसे. सगळे तापानं मरत. भूक आधी यायची, ताप शेवटच्या दिवशी यायचा आणि मरणाला नाव तापाचं लागायचं.

अप्पा मातीला गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. परत आल्यावर अप्पा एवढंच बोलले की तिला बसवलं तेव्हा पदर खांद्यावर ठरत नव्हता, खांदाच राहिला नव्हता. त्यानंतर ह्या विषयावर ते घरात बोलले नाहीत.

पण बाहेर बोलायला लागले. इतकं, की मला वाटलं ह्या माणसाचं डोकं फिरलं. तीच गावं, तोच लिंब, तेच चार शब्द. पण आता ते प्रत्येकाकडून महादेवाची शपथ घेत. "गावाचं सोडा. आपल्या आपल्या घराचं बोला. मी पयला बोलतो." दुसरी दरखास्त गेली. वर काय हललं कोण जाणे, पण पुढच्या उन्हाळ्यात तेच साहेब, तोच पेशकार, पुन्हा आमच्या चावडीत आले. तीन गावं पुन्हा जमली. ह्या वेळी मायनं आदल्या दिवशीच जात्याचा खुंटा काढून ठेवला होता.

अप्पा उठले. कोणी विचारायची वाट न बघता म्हणाले, "माझ्या घरात दाणा न्हाई. गेल्या साली मी खोटं बोललो. माझी पोरगी भुकंनं मेली. लिवा, साहेब."

साहेबांनी लेखणी उचलली. मला आठवतं, त्या क्षणी मला आनंद झाला होता. अक्का गेलेली असताना आनंद, पण झाला. आता सगळे बोलणार, असं वाटलं.

तेवढ्यात व्याही उठले. त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न जमवायचं चाललं होतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरात सून उपाशी मेली, त्या घरात कोण पोरगी देणार?

"खोटं हाय," ते म्हणाले. "ती तापानं गेली. माझ्या घरात खायला हाय." मग अप्पांकडं न बघता म्हणाले, "गेल्या साली ह्याच जागी ह्यायनी सांगितलं, आमच्या घरी काई कमी न्हाई. मग आमाला काय भुकेली पोरगी दिली व्हती?"

ज्या शब्दांनी त्यांनी आपलं घर झाकलं होतं, त्याच शब्दांनी त्या माणसानं आपलं घर झाकलं. बाकीचे शपथ घेतलेले सगळे खाली बघत बसले.

तेव्हा माय उठली. ओट्यावरून उतरली आणि चावडीच्या पायऱ्या चढली. गावातली बाई चावडीची पायरी चढलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पदर सावरून ती साहेबांना म्हणाली, "लिवा. माझ्या घरात बी न्हाई आन् ह्यायच्या घरात बी न्हाई. चूल मी पेटवते, मला म्हाईत. हितं बसलेल्या एकाच्याबी घरात न्हाई. त्यायच्या बायायला इचारा."

साहेबांनी पेशकाराकडं पाहिलं. पेशकार हळूच काहीतरी म्हणाला आणि मग मोठ्यानं मराठीत म्हणाला, "ज्याच्या नावावर जमीन त्याचंच बयान घेता येतं, बाई. खाली उतरा."

तो हसत नव्हता, हिणवतही नव्हता. कायदाच तसा होता. आम्ही कायदा मागायला गेलो होतो आणि कायदा तिथं आधीच बसलेला होता.

पुढं कधीतरी, लढाई संपल्यावर, लहान शेतकऱ्यांना काही सवलत मिळाली म्हणतात. दुसऱ्या कुठल्या तालुक्यातली माणसं धडधडीत बोलली असतील. अप्पांना कोणीतरी ह्या कामाबद्दल हार घातला होता. त्यांनी तो बैलाच्या शिंगाला अडकवला. निजामही नंतर गेला.

पण त्या दिवसाचं राहिलं. चावडी उठल्यावर व्याही आमच्या दारावरून निघाले. नदीकडची वाट तिकडूनच होती. माणूस गेलं तरी सोयरिक तुटत नाही, आणि सोयऱ्याला दारावरून पाण्यावाचून जाऊ देणं आमच्यात मोठं पाप. अप्पा घरात भिंतीकडं तोंड करून पडले होते. मायनं दारात उभं राहून हाक मारली, "पाव्हणं, पानी घेऊन जा."

मला वाटलं, हा येणार नाही. पण तो आला. खाली मान घालून वसरीवर टेकला, पाणी प्याला. मायनं आत येऊन माझ्यासमोरची ताटली उचलली. त्यात माझ्या वाटच्या कण्या होत्या, सकाळपासून मी त्यांचीच वाट बघत होते. तिनं ती त्याच्यापुढं ठेवली. तो नको म्हणाला नाही. आधी सावकाश खाल्लं, मग भरभर, मग ताटली तोंडाला लावली आणि शेवटी बोटानं कड पुसून बोट चाटलं. माय त्याच्यासमोर उभी होती. तिनं विचारलं, "आणखी वाढू का?"

त्यानं मान वर केली नाही, नुसती हलवली. वाढा. माय आत आली, गाडगं उलटं केलं आणि आपल्या आणि अप्पांच्या वाटचं सगळं त्याला नेऊन वाढलं. ते खाऊन तो माणूस रडत रडत नदीकडं गेला. लोक म्हणतात, माझ्या मायसारखी माय होणे नाही. असेल. मी आता इतकी म्हातारी झाले, नातवंडांची लग्नं झाली, पण त्या कण्या मी त्याला अजून माफ केलेल्या नाहीत.